कुणाला लागलं?

माझ्यासमोर बसून एकाही बाईनं आजवर गुमान बांगड्या भरून घेतलेल्या नाहीत. मंडईजवळच्या बोळात आमचं बांगड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं, आणि माझं सगळं आयुष्य तिथल्या गादीवर गेलं. कुणी डोळे मिटून घेते, कुणी ओठ चावते, कुणी सोबत आलेल्या जावेचा दंड घट्ट धरून ठेवते. बोलतात मात्र सगळ्याच. "अहो, हात आहे तो, पोळपाट नाही." "आज पहिल्यांदाच भरताय का?" पेठांमधल्या बायका तर दुखतंय हेसुद्धा सरळ सांगत नाहीत. "तुमचं झालं की उरलेला हात परत द्या," असं एक आजी दर वेळी म्हणायच्या. मला या बोलण्याचा कधी राग आला नाही. राग मला इतर पुष्कळ गोष्टींचा येतो, ते घरचे सांगतील. पण या बोलण्याशिवाय माझं काम होत नाही.

ते कसं, ते सांगतो. काचेची बांगडी नेमक्या मापाची असेल तरच मनगटावर शोभते, आणि नेमक्या मापाची बांगडी पंजावरून चढवायची तर अंगठा तळव्याकडे दुमडून, बोटांच्या मुळाशी असलेली हाडं दाबून जवळ आणून, हात लहान करावा लागतो. किती दाबायचं हे कुणी शिकवू शकत नाही. ते समोरचा हातच सांगतो. दुखायला लागलं की हात आखडतो, मी थांबतो. तो सैल पडला की बांगडी पुढे सरकवतो. मी बघतो बाईच्या तोंडाकडे, नाहीतर रस्त्याकडे. हाताकडे बघायची वेळच येत नाही.

यातली एक गंमत मी वर्षानुवर्षं पाहत होतो आणि तिचा कधी विचार केला नव्हता. ज्या बायका माझ्यापुढे आरडाओरडा करतात, त्याच घरी साबण लावून स्वतःच्या हातानं बांगड्या चढवतात तेव्हा चकार शब्द काढत नाहीत. हात लालबुंद होतो, कधी काळानिळा पडतो, माझ्यापेक्षा दुप्पट जोर लावलेला दिसतो, तरी दुखलं म्हणून सांगत नाहीत. नारायण पेठेतल्या एक शिक्षिका होत्या, त्यांनी मला एकदा तोंडावरच विचारलं, "मी भरते तेव्हा दुखत नाही, तुम्ही भरता तेव्हा दुखतं. असं का?"

मी म्हणालो, "तुमचा तुमच्यावर विश्वास आहे, माझ्यावर नाही."

"विश्वास नसता तर हात दिला नसता," बाई म्हणाल्या आणि दुसरा हात पुढे केला.

मी हसलो आणि विसरून गेलो. ते उत्तर चुकलं होतं हे कळायला माझ्या बायकोचा हात जावा लागला.

ती सासवडकडच्या खेड्यातली. तिचे वडीलही आमच्याच धंद्यातले, बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गावोगाव हिंडणारे. तिच्या माहेरी सगळे मराठीच बोलतात, तेही तिकडचं, आणि इतकी वर्षं पुण्यात काढून तिनं त्यातलं एक अक्षर बदललेलं नाही. आम्ही बिबवेवाडीत राहतो. त्या दिवशी सकाळी ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी आत दाढी करत होतो. तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "अहो, ह्यो हात बगा, कसा पडलाय." पडलाय म्हणजे खरंच पडला होता. डावा हात मेथीच्या जुडीवर उताणा पडला होता आणि ती त्याच्याकडे, कुणीतरी विसरून गेलेली पिशवी बघावी तशी बघत होती.

दवाखान्यात नेलं. तपासणीच्या आधी नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं काढून द्या. बांगड्या मीच काढल्या. उजव्या हातातल्या काढताना तिनं मला दोन शब्द ऐकवले. डाव्या हातातल्या मात्र भराभर निघाल्या, साबणसुद्धा लागला नाही. मला तेव्हाच काही समजायला हवं होतं.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टरांनी वेळेवर औषध दिलं आणि पुष्कळ काही वाचलं. बोलणं वाचलं, पाय वाचला, चेहरा वाचला. हातसुद्धा हलायला लागला, पण बघत राहिली तरच. नजर काढली की तो कुठे आहे हे तिला सांगता येईना. मी शेजारी स्टुलावर बसून असायचो. मला दवाखान्यात काय बोलावं ते कधीच सुचत नाही, म्हणून मी काहीही न बोलता चादरीखाली तिचा हात हातात धरून बसायचो. रोज, भेटायची वेळ संपेपर्यंत. मला वाटायचं, एवढं तरी मी करतोय.

एका संध्याकाळी ती छताकडे बघत म्हणाली, "एवढी मानसं येऊन गेली. तुमी एकदा तरी माझा हात धरायचा हुता."

मी म्हणालो, "धरलाय की."

"कवा?"

"आत्ता. आत्ता धरलाय."

तिनं उजव्या हातानं चादर बाजूला केली. तिच्या डाव्या हाताची बोटं माझ्या बोटांत अडकलेली होती. तिनं ती एकेक करून बघितली. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी आमच्या सगळ्या संसारात कधी बघितली नव्हती. मी हात आणखी घट्ट दाबला. "आता?" तिनं मान हलवली. नाही.

मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. इतके दिवस मी कुणाचा हात धरून बसलो होतो, असंच वाटत राहिलं.

घरी आल्यावर मुलीनं सगळ्या सूचना छापून फ्रिजवर लावल्या. ती आयटीत आहे, तिचं सगळं काम असंच असतं. गॅसपासून जपा, विळीपासून जपा, गरम पाण्यात आधी उजवा हात घाला. सगळं होतं त्यात. बांगडीचं काही नव्हतं. ते डॉक्टरांना सुचणार नव्हतं आणि मुलीलाही नाही. ज्याला सुचायला हवं होतं, तो मी.

ईद आली. ईदेच्या आदल्या दिवशी दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून आमच्या घरी बायकोचा चुडा त्या दिवशी सकाळी, मी दुकानाला निघायच्या आधी भरायचा, असा लग्नापासूनचा रिवाज. ती खिडकीपाशी बसते, मी समोर बसतो, आणि पहिल्या बांगडीला ती दर वर्षी तेच म्हणते: "परक्या बायकांना हळू भरता. माझ्या बारीलाच तुमाला जोर येतो." मी म्हणतो, त्या पैसे देतात. मग ती म्हणते, मीबी देते, काढा हिशोब माझ्या सैपाकाचा. एवढं झालं की ईद आली असं मला वाटतं.

यंदाही बसलो. हिरव्या बांगड्या, तिच्याच मापाच्या. उजवा हात आधी भरला. ती म्हणाली ते म्हणाली, मी म्हणालो ते म्हणालो. मला इतकं बरं वाटलं, की झालं ते सगळं मागे पडलं असंच मी धरून चाललो. मग डावा हात घेतला. अंगठा दुमडला. ती मला मंडईतून आणलेल्या काकड्यांबद्दल सांगत होती, सगळ्या कडू निघाल्या होत्या आणि त्या मी आणल्या होत्या. मी सवयीनं तिच्या तोंडाकडे बघत होतो. हात मऊ होता, सैल होता. इतका छान हात भरायला क्वचित मिळतो. कुठेही आखडला नाही, म्हणून मी थांबलो नाही. बांगडी अडली तेव्हा थोडा जोर वाढवला, तरी हात काही बोलला नाही, म्हणून आणखी वाढवला.

बांगडी वाढली. आमच्यात फुटली म्हणत नाहीत. आवाज मी ऐकला, पण तिच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि मी तोंडावर भरवसा ठेवणारा माणूस. "एक काकडी तरी चाखून घ्यायची," ती म्हणत होती. माझ्या बोटांना ओल लागली. खाली बघितलं तर काचेचा तुकडा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी आत गेला होता, आणि रक्त मनगटावरून तिच्या मांडीवर, धुवून घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर उतरत होतं.

तिनं माझा चेहरा बघितला आणि काकडीचं बोलणं मधेच थांबवलं.

"काय झालं?" ती म्हणाली. "कुनाला लागलं?"

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. रक्त तिचं होतं, हात तिचा होता, काच तिच्या मांसात होती, आणि ती मला काळजीनं विचारत होती, कुणाला लागलं.

मुलगी धावत आली. तिनं तुकडा काढला, फडकं बांधलं, रिक्षा बोलावली. निघताना माझ्याकडे बघून म्हणाली, "अब्बा, तुम्ही उभे का राहिलात? प्लीज, आधी खाली बसा." मी बसलो. टाके घालून त्या दोघी परत आल्या, तेव्हाही मी तिथंच, त्याच जागी बसलो होतो. टाके घालताना बायको डॉक्टरांशी गप्पा मारत होती म्हणे.

दुकानात गेलो, कारण त्या दिवशी न जाणं शक्य नव्हतं. पण एकही हात भरू शकलो नाही. पहिल्याच मुलीचा हात हातात घेतला, ती "ऊं" म्हणाली आणि मी चटका बसल्यासारखा सोडून दिला. मग प्रत्येकीला डबा बांधून देत राहिलो. घरी भरून घ्या, साबण लावा. "मग तुम्ही कशाला बसलाय?" एकीनं विचारलं. मी पुढचा डबा बांधायला घेतला.

बायकोला व्यायाम शिकवायला घरी एक तरुण मुलगी यायची, फिजिओथेरपिस्ट. ईदेनंतर ती आली, पट्टी बघितली, काय झालं ते ऐकलं. मला वाटलं आता बोलेल. पण तिनं बायकोला डोळे मिटायला सांगितले आणि डाव्या हातावर बोट फिरवलं. "काकू, कळतंय?" नाही. मला म्हणाली, काका, तुम्ही फिरवा. मी फिरवलं. नाही. मग तिनं बायकोचा उजवा हात उचलायला सांगितला. "आता तुम्ही स्वतः फिरवा. डोळे मिटूनच."

बायकोनं उजव्या हाताची बोटं डाव्या हातावरून ओढली आणि दचकली. डोळे उघडले नाहीत, पण श्वास अडकला तो मी ऐकला.

"कळतंय," ती म्हणाली. "हितं. आन् हितं."

मी म्हणालो, हे उजव्या हाताला कळतंय, डाव्याला नाही. त्या मुलीला ही शंका येणार हे माहीत असावं. तिनं बायकोचे डोळे मिटलेले असतानाच हळूच डावा हात बाजूला घेतला आणि तिथं उशी सरकवली, आणि म्हणाली, पुन्हा फिरवा. बायकोनं फिरवलं. कपाळाला आठी पडली. "आता नुसतं उजव्यालाच लागतंय. डावा गेला." उशी काढून हात परत ठेवला. "आला," बायको म्हणाली, आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं टाळीच वाजवली. खरं सांगायचं तर मला मात्र राग आला, असा राग की कानशिलं तापली. मी विचारलं, "म्हणजे नवऱ्याचा हात परका?"

"काका, मेंदूला सगळ्यांचेच हात परके," ती म्हणाली. तिनं मला सोपं करून सांगितलं, ते मला समजलं तसं लिहितो. आपला हात निघाला की तो कुठे टेकणार, किती दाबणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, कारण हुकूम त्याचाच. म्हणून धडधाकट माणसाचा मेंदू स्वतःच्या स्पर्शाची फारशी दखल घेत नाही. दुसऱ्याच्या स्पर्शाची मात्र घेतो, कारण तो केव्हा येईल, कसा येईल, याचा भरवसा नसतो. "स्वतःला गुदगुल्या करून बघा," ती म्हणाली. काकूंचं नेमकं उलटं झालं होतं. बाहेरून येणारा निरोप वाटेतच विरत होता, पोचला तरी इतका पुसट की मेंदूला तो लागत नव्हता. पण स्वतःचा हात निघाला की मेंदू वाट बघत बसतो, आणि वाट बघणाऱ्याला बारीक चाहूलही लागते. असं असावं, ती म्हणाली. नक्की कुणी सांगू शकत नाही, आणि सगळ्याच पेशंटना असं होतं असंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी शर्टाच्या आत हात घालून स्वतःला गुदगुल्या करून बघितल्या. काखेत, बरगडीला. काही नाही. समोरच्या दुकानातल्या माणसानं बघितलं आणि त्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं. नारायण पेठेतल्या त्या बाई आठवल्या. विश्वासाचा काही संबंधच नव्हता. त्यांच्या हाताला त्यांचा जोर कमी लागत होता आणि माझा जास्त, एवढंच. माझा अख्खा धंदा ज्या दुखण्यावर चालला, ते दुखणं म्हणजे मी परका असल्याची पावती होती. मी गल्ल्यापाशी डोकं धरून बसलो. बायको सगळ्या जन्मात माझ्यावर करवादली ती मी परका होतो म्हणून, आणि आता मी इतका परका झालो होतो की तेही गेलं होतं.

मी तिला हात लावणं कमी केलं. ठरवून नव्हे, आपोआप. ताट देताना उजवीकडून द्यायचो, गॅलरीत नेताना उजवा दंड धरायचो. डाव्या बाजूला मी नव्हतोच. तिच्या ते ध्यानात आलं. तिच्या ध्यानात येत नाही असं काही नसतं.

टाके निघून जखम भरली तेव्हाची दुपार. मुलीला सुट्टी होती म्हणून दुकान तिच्यावर सोडून मी जेवायला घरी आलो होतो. बायको खिडकीपाशी बसली होती आणि पुढ्यात हिरव्या बांगड्यांचा तोच डबा होता.

"भरा," ती म्हणाली.

मी नाही म्हणालो. आवाज चढला माझा. तो हात पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही, सोनाराकडून सोन्याची पाटली आण, प्लास्टिकची घाल, नाहीतर काही घालू नकोस, असं काय काय बोललो.

"एका हातात चुडा आन् एक हात उघडा. मी जित्ती हाय का मेली, ते तरी ठरवा," ती म्हणाली. "मी बांगडीवाल्याची लेक हाय. मी दाबते. तुमी बांगडी धरा."

मी समोर बसलो. बांगडी धरली. तिनं उजव्या हातानं डाव्याचा अंगठा दुमडला, अगदी तिचे वडील दुमडत असतील तसा, आणि दाबायला लागली. पण एका हाताचा जोर पुरेना, बांगडी हाडांवर अडली. मदतीला म्हणून मी तिच्या दोन हातांच्या मधे माझी बोटं घातली.

ती थांबली. "गेला," म्हणाली.

"काय गेलं?"

"हात. तुमचा हात मधी आला. आता मला कसा कळंल?"

मी बोटं काढायला लागलो. तिनं काढू दिली नाहीत. माझा पंजा तिनं मधून बाहेर घेतला आणि तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर नेऊन ठेवला. सगळ्यात खाली तिचा डावा हात, त्यावर उजवा, त्यावर माझा.

"आता दाबा," ती म्हणाली. "मीबी दाबते."

मी दाबलं. माझ्या हाताखाली तिचा उजवा हात दाबला गेला आणि त्याच्याखाली, पार तळाशी, काहीतरी आखडलं. मला ते ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. मी आयुष्यभर दुसरं काही केलेलंच नाही. मी थांबलो. हात सैल पडला. बांगडी पुढे सरकली, हाडांवरून चढली आणि मनगटावर जाऊन बसली.

"हळू की ओ," ती म्हणाली. तोंड वेडंवाकडं झालं होतं. "परक्या बायकांना हळू भरता. माझ्या बारीलाच तुमाला जोर येतो."

त्या पैसे देतात, असं मला म्हणायचं होतं. ते काही म्हणता येईना. नाक वाहायला लागलं, आणि तिच्या हातावरचा हात काढून डोळे पुसायची माझी हिंमत होईना.

"बगा," ती म्हणाली. "दुखतंय मला, आन् रडताय तुमी."